एकवीस पेशींचं नाक

टोपलीतल्या केळ्यांची सालं काळी पडायला लागली की त्यांच्याभोवती चिलटं जमतात. तीन-चार दिवसांनी त्यातलं एखादं केळं सोलून मऊ पडलेला भाग उजेडात धरला, तर तांदळाच्या कणीएवढ्या पांढुरक्या, आरपार दिसतील अशा अळ्या दिसतात. एका टोकाला काळा ठिपका असतो आणि तो सारखा पुढे-मागे होत असतो. ते अळीच्या तोंडातले आकडे. थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते. सरळ चाललेली अळी मध्येच थांबते, डोकं एका बाजूला नेते, मग दुसऱ्या बाजूला नेते, आणि त्यानंतर वळते. ती वास घेत असते.

हे चिलट म्हणजे ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. इंग्रजीत त्याला फळमाशी म्हणतात, पण आपल्याकडे तेवढ्याने घोटाळा होतो. कोकणातला आंबा बागायतदार जिच्यासाठी सापळे टांगतो ती फळमाशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, वेगळ्या कुळातली आहे आणि ती चांगल्या, पिकू घातलेल्या फळात अंडी घालते. २०१४ साली युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली ती तशा माश्यांमुळे. चिलट येतं ते आंबू लागलेल्या फळावर. त्याच्या अळीचं खरं अन्न म्हणजे त्या फळावर माजलेलं यीस्ट.

पंचवीस अंश तापमानाला अंड्यातून अळी निघायला साधारण एक दिवस लागतो. पुढचे चार-पाच दिवस ती फक्त खाते आणि वाढते. तेवढ्या आयुष्यात तिला अन्न शोधायचं असतं, कडू आणि विषारी ते टाळायचं असतं, आणि कुठला वास कशाच्या मागोमाग येतो हे ध्यानात ठेवायचं असतं. हे ती कसं करते, या प्रश्नावर गेली पन्नासेक वर्षं काम चालू आहे. त्यातलं काय पक्कं झालं आणि काय अजून वादात आहे, याचा हा आढावा.

मुंबईतले धागे

माशीच्या वागणुकीचा जनुकांच्या अंगाने अभ्यास करण्याची वाट कॅलिफोर्नियात सीमोर बेंझर यांनी पाडली. १९७४ साली क्विन, हॅरिस आणि बेंझर यांनी माश्यांना वासाबरोबर विजेचा झटका दिला, तर माश्या पुढे तो वास टाळतात, असं दाखवलं. दोनच वर्षांनी शिकण्यात कमी पडणारा पहिला म्यूटंट सापडला. त्याचं नाव 'डन्स'.

त्याच दशकात मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांच्या गटाने वेगळा प्रश्न हाती घेतला: माशीला वास आणि चव कळते तरी कशी? सिद्दिकी यांनी तिथला रेणवीय जीवशास्त्राचा विभाग १९६२ मध्ये उभा केला होता. या कामात पुढे आलं ते वेरोनिका रॉड्रिग्ज यांचं नाव. त्या १९५३ साली केनियात एका गोवेकर कुटुंबात जन्मल्या, शिक्षणासाठी डब्लिनला गेल्या आणि संशोधनासाठी मुंबईत आल्या. वास न ओळखणारे, चव न ओळखणारे माशीचे म्यूटंट त्यांनी आणि सिद्दिकींनी वेगळे काढले. अळ्यांसाठी त्यांची रीत साधी होती. पेट्री डिशच्या एका बाजूला वासाचा पदार्थ ठेवायचा, मधोमध अळ्या सोडायच्या, ठरलेल्या वेळानंतर कुठे किती गेल्या ते मोजायचं. आज जगभरच्या प्रयोगशाळा जी चाचणी वापरतात ती याच घराण्यातली.

१९८४ साली याच संस्थेतल्या आर. एन. सिंग आणि कुसुम सिंग यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अळीचं डोकं तपासलं. डोक्याच्या टोकाला दोन्ही बाजूंना एकेक इवलासा घुमट असतो. त्या घुमटात चेतातंतूंचे तिघा-तिघांचे सात जुडगे शिरतात, असं त्यांना दिसलं. सात त्रिक एकवीस. अळीचं एका बाजूचं नाक म्हणजे एकवीस पेशी. तेव्हा हा निव्वळ शरीररचनेचा तपशील होता, पण पुढची सगळी चर्चा या आकड्याभोवती फिरली, म्हणून तो इथे मुद्दाम सांगितला.

एकवीस पेशी पुरतात कशा

प्रौढ माशीच्या एका बाजूला वासाच्या सुमारे १,३०० पेशी असतात. अळीचं एकविसात भागतं. १९९९ मध्ये माशीच्या वासग्राहींची जनुकं सापडली आणि २००५ मध्ये दोन गटांनी, एक लेस्ली वोशल यांचा आणि दुसरा जॉन कार्लसन यांचा, अळीत त्यातली कुठली वापरली जातात ते शोधलं. उत्तर आलं, सुमारे पंचवीस. बहुतेक पेशींत एकेकच ग्राही असतो, आणि त्याच्या जोडीला ऑर्को नावाचा एक सामाईक जोडीदार प्रत्येकीत असतो. ऑर्को काढून टाकला की या एकवीसही पेशी मुक्या होतात. प्रत्येक पेशीचा तंतू मेंदूत आपल्या ठरलेल्या गुच्छाला जाऊन भिडतो. पेशी एकवीस, गुच्छही एकवीस.

इथवर वाद नाही. वाद आहे तो या एकवीस तारांवरून वास कसा वाचला जातो यावर.

एक मत असं की वास म्हणजे या पेशींचा मिळून उमटणारा नमुना. एक रसायन अनेक ग्राहींना कमी-जास्त प्रमाणात चेतवतं आणि एक ग्राही अनेक रसायनांना दाद देतो. पेटीच्या थोड्याच पट्ट्यांतून असंख्य सुरावटी निघाव्यात तसं हे. अळीच्या ग्राहींवर बरीच रसायनं एकेक करून तपासली गेली, आणि मिळालेली मोजमापं बहुतांशी या मताच्या बाजूची आहेत.

दुसरं मत असं की काही वासांसाठी थेट, राखीव वाट असते. याचा ठसठशीत दाखला २०१५ मध्ये पुढे आला. लेप्टोपिलिना नावाची एक चिमुकली परोपजीवी गांधीलमाशी या अळ्यांच्या अंगात आपली अंडी घालते आणि अळी आतून खाल्ली जाते. त्या गांधीलमाशीच्या अंगाचा वास ओआर-४९ए नावाचा ग्राही असलेली एक पेशी टिपते आणि अळी दूर सरकते. जिवावरच्या संकटासाठी वेगळी तार ठेवलेली असणं पटण्यासारखं आहे. मला वाटतं, या दोन मतांत खरा विरोध कमी आणि प्रमाणाचा प्रश्न जास्त आहे. एकविसांतल्या किती तारा राखीव आणि किती सामाईक, ही मोजणी अजून पुरी व्हायची आहे.

वासाच्या दिशेने जाणं हा वेगळा भाग, आणि त्यात चित्र बरंच स्पष्ट झालं आहे. दोन नाकांमधलं अंतर इतकं कमी की डावीकडे वास जास्त की उजवीकडे, हे एका क्षणात ताडणं अळीला अवघड. मॅथ्यू लुई आणि वोशल यांनी २००८ मध्ये एकाच बाजूची, एकच पेशी चालू असलेल्या अळ्या तयार केल्या. त्याही वासाचा उगम शोधत गेल्या. दोन्ही नाकं चालू असली तर माग अधिक नेमका लागतो, पण एकाने अडत नाही. कारण अळी दोन क्षणांची तुलना करते. पुढे जाताना वास वाढतोय तोवर ती चालत राहते, कमी व्हायला लागला की थांबते, डोकं फिरवते, आणि ज्या बाजूला वास वाढला तिकडे वळते. केळ्यावरच्या अळीचं ते डोकं हलवणं म्हणजे हेच मोजमाप.

चव: एक पेशी, दोन अर्थ

चवीबद्दलची माहिती वासापेक्षा मागे आहे. चवीच्या पेशी जास्त आहेत आणि त्या डोक्याच्या टोकावरच्या इंद्रियांत आणि घशाच्या आत विखुरलेल्या आहेत. प्रौढ माशीला गोड ओळखून देणारे नेहमीचे ग्राही अळीत आढळतच नाहीत. मग तिला साखर कळते कशी? २०१३ साली ह्यूबर्ट अम्राइन यांच्या गटाने त्याचं उत्तर दिलं. जीआर-४३ए हा एकच ग्राही ते काम करतो, आणि तो घशात आहे, पचनमार्गात आहे, थेट मेंदूतही आहे. घशातल्या पेशी लगेच कळवतात. मेंदूतल्या पेशी खाल्लेल्या साखरेमुळे अंगात वाढलेलं फ्रुक्टोज ओळखून काही मिनिटांनी. अळीसाठी गोडवा ही अशी दोनदा कळणारी गोष्ट आहे.

वाद आहे तो वेगळ्या ठिकाणी. प्रौढ माशीबद्दल समजूत अशी की चवीची एकेक पेशी एकाच प्रकारच्या चवीला वाहिलेली असते. २०१६ मध्ये सायमन श्प्रेखर यांच्या गटाने अळीत एक अशी पेशी दाखवली जी साखरेलाही दाद देते आणि डेनाटोनियम या अतिकडू पदार्थालाही. ती पेशी बंद केली तर कडू टाळणं बिघडतं, नुसती चेतवली तर अळी दूर जाते. म्हणजे एकाच तारेवर दोन उलट निरोप. पेशींची संख्या कमी म्हणून अळीने केलेली ही काटकसर असावी, असं काहींना वाटतं. मेंदूला हे दोन निरोप वेगळे कसे कळतात, की मिश्र चवींचा एकूण तोल साधणं हेच या पेशीचं काम आहे, याचा निकाल लागलेला नाही. मिठाचंही असंच आहे. थोडं मीठ अळीला हवंसं वाटतं, जास्त झालं की नकोसं.

शिकणं: कोयनेलचा धडा

अळ्या शिकतात हे पहिल्यांदा १९७९ मध्ये असेव्हेस-पिन्या आणि क्विन यांनी विजेचा झटका वापरून सांगितलं. ती पद्धत पुढे अनेक प्रयोगशाळांना हाताळायला अवघड गेली. सिद्दिकी यांच्या गटाने २००९ मध्ये तिच्याकडे पुन्हा वळून काम केलं. पण या क्षेत्राला गती मिळाली ती झटक्याऐवजी चव वापरल्यामुळे. शेरर, श्टोकर आणि बेर्ट्राम गेर्बर यांनी २००३ मध्ये ती रीत मांडली.

ती रीत तपशिलात पाहण्यासारखी आहे, कारण सगळा वाद त्या तपशिलातच दडलेला आहे. पेट्री डिशमध्ये अगारोजचा पातळ थर ओततात. अगारोज निव्वळ आधारासाठी, त्याला चव नाही. एका डिशमध्ये त्यात फ्रुक्टोज मिसळलेलं असतं, दुसऱ्यात नाही. वासासाठी झाकणाला भोकं पाडलेल्या बारक्या डब्या असतात. एकीत अमाइल अॅसिटेट, ज्याला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो, आणि दुसरीत ऑक्टेनॉल. ओल्या ब्रशाने अळ्या उचलून केळ्याचा वास आणि साखर असलेल्या डिशमध्ये पाच मिनिटं सोडायच्या. मग ऑक्टेनॉलच्या, साखर नसलेल्या डिशमध्ये पाच मिनिटं. असं तीनदा. दुसऱ्या गटाला याच्या उलट धडा द्यायचा, साखर ऑक्टेनॉलबरोबर. शेवटी दोन्ही वास समोरासमोर ठेवून अळ्या कुठे जातात ते मोजायचं. दोन्ही गटांना तेच वास आणि तीच साखर तेवढीच मिळालेली असते. फरक फक्त जोडीचा. म्हणून दोन गटांच्या वागण्यात फरक पडला तर तो शिकण्याचाच. साखर मिळालेल्या वासाकडे अळ्या जास्त जातात, आणि हे अनेक ठिकाणी, अनेकांच्या हातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

साखरेऐवजी कोयनेल घातलं तर? २००५ मध्ये गेर्बर यांच्या गटाने तसं करून पाहिलं आणि अळ्या काहीच शिकल्या नाहीत असं दिसलं. बक्षीस चालतं, शिक्षा चालत नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढच्याच वर्षी गेर्बर आणि थॉमस हेंडेल यांनी एक बारीक बदल केला. शिकवणीनंतरची चाचणी साध्या अगारोजवर न घेता कोयनेल मिसळलेल्या अगारोजवर घेतली. आता अळ्या शिक्षेचा वास स्पष्टपणे टाळू लागल्या. त्या शिकल्या होत्या. साध्या जागी ते दाखवायचं त्यांना कारण नव्हतं, कारण तिथे पळून जाण्यासारखं काही नव्हतंच. साखरेचं याच्या उलट निघालं. चाचणीच्या जागी आधीच तेवढी साखर असेल तर शिकलेल्या अळ्या बक्षिसाच्या वासाकडे जाण्याचे कष्ट घेत नाहीत.

गेर्बर यांचा अर्थ असा की अळीच्या वागण्यात अपेक्षा आहे. आठवण तिला सांगते की अमुक वासाकडे काय मिळेल. ते आणि आत्ता पायाखाली असलेलं, यांची ती तुलना करते आणि हालचालीतून काही पदरात पडणार असेल तरच हलते. यावरचा आक्षेप असा की अपेक्षा हा शब्द चार मिलिमीटरच्या अळीला फार जड आहे. शिकवणीच्या वेळची चव पुन्हा जिभेवर आली की आठवण जागी होते, एवढं साधं स्पष्टीकरण पुरेसं नाही का?

हा आक्षेप रास्त आहे आणि कोयनेलच्या अर्ध्या भागाला तो लागू पडतो. साखरेच्या अर्ध्या भागाला मात्र पडत नाही. तिथे शिकवणीच्या वेळची चव परत आली की आठवण उलट झाकली जाते. दुसरी शंका उरते: पायाखाली साखर असली की अळी खात बसते आणि हालचालच मंदावते, असं असेल का? याची पडताळणी झाली आहे. साखर किंवा कोयनेल असतानाही अळीची वासाबद्दलची उपजत ओढ बदलत नाही, बदलतं ते शिकलेलं वागणं. पुढे २०१५ मध्ये मिशाएल श्लायर आणि गेर्बर यांच्या गटाने आणखी एक पाऊल टाकलं. बक्षीस म्हणून साखर आणि बक्षीस म्हणून अॅस्पार्टिक आम्ल, यांत अळ्या फरक करतात असं त्यांनी दाखवलं. म्हणजे 'काहीतरी चांगलं' एवढंच लक्षात राहत नाही, कुठलं चांगलं तेही राहतं. शब्द कुठला वापरायचा हा प्रश्न बाजूला ठेवला तरी वागण्याचा हा नमुना कुठल्याही स्पष्टीकरणाला उलगडावाच लागेल.

मेंदूचा नकाशा

हे सगळं अळीच्या मेंदूत कुठे घडतं याबद्दल एकमत आहे. वासाच्या गुच्छांमधून निघालेले तंतू मशरूम बॉडी नावाच्या भागात जातात. तिथे केनियन पेशी असतात, नुकत्या जन्मलेल्या अळीत दोन्ही बाजूंच्या मिळून २२३. एकेका केनियन पेशीला एक ते सहा गुच्छांकडून निरोप येतो, आणि त्यातल्या बऱ्याचशा जोडण्या अपघाताने पडल्यासारख्या दिसतात. बक्षीस किंवा शिक्षा कळवणाऱ्या पेशी त्याच जागी येऊन मिळतात. वास आणि बक्षीस किंवा शिक्षा एकाच वेळी आले की तिथला पेशींमधला सांधा बदलतो.

बक्षीस कळवतं कोण, यावरचं मत मात्र फिरलं आहे. २००६ साली श्रोल आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाने पेशी चेतवून दाखवलं की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी शिक्षेचं काम करतात आणि ऑक्टोपामिन सोडणाऱ्या बक्षिसाचं. बरीच वर्षं ही वाटणी धरून चाललं जात होतं. मग आंद्रेआस टुम यांच्या गटाने २०१६ मध्ये अळीतल्या एकेक ओळखता येणाऱ्या चार डोपामिन पेशी बक्षीस कळवतात असं दाखवलं. आज डोपामिनचे वेगवेगळे गट दोन्ही कामं करतात असं मानलं जातं. ऑक्टोपामिनचं नेमकं स्थान काय, हे अजून नीट बसवायचं आहे.

२०१७ मध्ये मशरूम बॉडीचा आणि २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये अळीच्या पूर्ण मेंदूचा जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला. मायकल विंडिंग, मार्ता झ्लातिच, आल्बेर्त कार्दोना आणि सहकाऱ्यांचं हे काम. एका अळीच्या मेंदूचे हजारो पातळ काप घेऊन, तंतू न् तंतू मागे जाऊन त्यांनी ३,०१६ चेतापेशी आणि सुमारे ५,४८,००० सांधे नोंदवले. २०२४ मध्ये प्रौढ माशीचाही नकाशा आला. त्यात १,३९,२५५ पेशी आहेत. त्या तुलनेत अळीचा मेंदू हाती मावणारा आहे, आणि म्हणूनच लोक अळीकडे वळले.

नकाशातून एक गोष्ट ठळकपणे बाहेर आली. शिकण्याच्या केंद्रात निरोप आणणाऱ्या आणि तिथून बाहेर नेणाऱ्या पेशी एकमेकींना सगळ्यांत जास्त उलटून निरोप देतात. निर्णय घेणाऱ्या पेशींकडून डोपामिनच्या पेशींकडे परतीच्या वाटा आहेत, असं झ्लातिच आणि कार्दोना यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं होतं. त्यावरून अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजण्याची सोय तिथे असावी, असं अनेकांना वाटतं. गेर्बर यांचे कोयनेलचे प्रयोग आणि हा नकाशा इथे एकमेकांना भेटू पाहतात. पण नकाशा म्हणजे रस्ते. कुठल्या रस्त्यावर कधी किती रहदारी, हे त्यात नाही. शिवाय हा नकाशा पहिल्या अवस्थेतल्या, सहा तासांच्या अळीचा आहे, आणि शिकण्याचे बहुतेक प्रयोग तिसऱ्या अवस्थेतल्या, कितीतरी मोठ्या झालेल्या अळ्यांवर झाले आहेत. या दोन अवस्थांत मशरूम बॉडीत नव्या पेशी वाढत जातात. रस्ते दिसताहेत म्हणून तुलना होतेच आहे, असं म्हणण्याआधी शिकत असलेल्या अळीच्या डोपामिन पेशींत डोकावून बघावं लागेल, आणि ते काम नुकतं कुठे सुरू झालं आहे.

कोशापलीकडे

शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त ओढ लावणारा वाटतो. अळी कोशात जाते, तिचं शरीर जवळजवळ मोडून नव्याने बांधलं जातं, आणि चारेक दिवसांनी पंख असलेलं चिलट बाहेर येतं. अळीने शिकलेलं त्याला आठवतं का?

टिम टली आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये होय असं उत्तर दिलं. झटक्याचा धडा मिळालेल्या अळ्या प्रौढ झाल्यावरही तो वास टाळत होत्या. १९९९ मध्ये बॅरन आणि कॉर्बेट यांनी अळीपणी ओळखीचा झालेला वास प्रौढाच्या आवडीनिवडीवर परिणाम करतो का, हे पुन्हा तपासलं आणि त्यांना तसा परिणाम सापडला नाही. कॉर्बेट यांनी त्याआधीच एक पर्यायी खुलासा सुचवला होता. वासाचा अंश अळीच्या अंगावर, कोशाच्या आत-बाहेर राहून जातो आणि बाहेर पडणारा कीटक तो तेव्हा ताजा शिकतो. तसं असेल तर ती आठवण मेंदूतली नव्हेच.

२०२३ मध्ये जेम्स ट्रूमन आणि सहकाऱ्यांनी मशरूम बॉडीच्या पेशींचा अळीपासून प्रौढापर्यंत माग काढला. केनियन पेशी आपल्या जुन्या फांद्या छाटून नव्या काढतात. त्यांच्याशी जोडलेल्या पेशींपैकी काही मरतात, काही मशरूम बॉडी सोडून वेगळंच काम पत्करतात. आठवण टिकून राहील असा जोडण्यांचा धागा त्यांना कुठे सापडला नाही. टली यांच्या मोजणीचा खुलासा मात्र यातून होत नाही. तो व्हायचा तर अळीला शिकवायचं, कोश धुऊन पुसून वेगळ्या स्वच्छ जागी ठेवायचा, आणि बाहेर पडलेल्या चिलटाला पंख सुकण्याआधी तो वास कुठूनही लागू न देता चाचणीला घ्यायचं. सोबत तेवढ्याच, तशाच वागवलेल्या, पण न शिकवलेल्या अळ्यांचा गट हवा.

माग लागलेल्या त्या फांद्यांपैकी नेमकी कुठली कधी छाटली गेली, हे आता दिवसागणिक सांगता येतं. १९९४ साली ते शक्य नव्हतं.